ओमेशभाऊचा पायगुण

माळवा कॉलेजची फुटबॉल टीम जिंकली ही बातमी कुडव्यात आली, तेव्हा गल्लीतल्या अर्ध्या लोकांना पहिल्यांदाच कळलं की माळवा कॉलेजला फुटबॉलची टीम आहे. उरलेल्या अर्ध्यांना ते आधीपासून ठाऊक होतं, कारण टिकेश रहांगडाले त्यांच्याच गल्लीत राहत होता आणि दरवर्षी हारण्याची कारणं त्याच्या तोंडून ऐकून त्यांचे कान किटले होते. ग्राउंड ओलं होतं. रेफरी तिकडचा होता. आपल्या पोट्ट्यांचे पेपर चालू होते. एका वर्षी तर म्हणे चेंडूत हवाच जास्त भरली होती. कारणं सांगून झाली की टिकेश एक सुस्कारा सोडायचा आणि म्हणायचा, 'पुढच्या वर्षी पाहू.' हे वाक्य त्याचं होतं. ते दुसऱ्या कोणी म्हणावं अशी वेळच आली नव्हती, कारण दुसरं कोणी बघायलाच जात नव्हतं.

टिकेश जिल्हा परिषदेत बाबू. बी.ए. त्याच कॉलेजातून झाला. टीममध्ये त्याची निवड झाली होती, पण राखीव म्हणून; आणि राखीव म्हणजे इतका राखीव की शेवटपर्यंत त्याला कोणी बाहेर काढलंच नाही. तरी प्रेम बसायचं ते बसलं. ग्राउंडच्या एका कोपऱ्याला लागून धानाची बांधी, भाताचं खाचर, आहे. त्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, राइस मिलमधला एक बारदाना अंथरून टिकेश इतकी वर्षं बसत आला. खेळणाऱ्यांचे आईबाप यायचे नाहीत, प्राचार्य यायचे नाहीत, एकदा तर गोलकीपरच आला नव्हता. टिकेश मात्र रजा टाकून हजर.

आणि यंदा पहिलीच म्याच जिंकली. एक शून्य. गोल कसा झाला हे न विचारलेलं बरं. समोरच्या टीमच्या एका पोट्ट्याचा बूट निघाला, तो बूट शोधायला वाकला, चेंडू त्याच्या पाठीवर आदळून आमच्या रिंकूच्या गुडघ्याला लागला आणि गुडघ्यावरून जाळीत गेला. रिंकूचं तोंड तेव्हा दुसरीकडे होतं. पण टिकेशला त्यात केवळराम सरांची आखणी दिसली. केवळराम सर म्हणजे कॉलेजचे खेळाचे मास्तर. ते स्वतः त्या वेळी शेजारच्या शेतवाल्याशी बैल चेंडू का चावतो यावर भांडत होते, हे टिकेशनं सोयीनं पाहिलं नाही.

घरी येताना स्कूटीवर त्यानं अख्खा हंगाम जिंकून टाकला. पुढची म्याच सौंदडकडच्या कॉलेजशी, ती तर घरचीच. मग भंडाऱ्याचे, त्यांचा मेन पोट्टा पास होऊन गेला. मग नागपूर. नागपूरवाल्यांचा थोडा विचार त्याला रेल्वे फाटकाशी थांबून करावा लागला, पण फाटक उघडेपर्यंत तेही हारले. घरात शिरल्या शिरल्या त्यानं टेप काढला आणि शोकेसचा वरचा कप्पा मोजायला लागला. त्याची बायको योगेश्वरी पोळ्या लाटत होती. तिनं विचारलं की टेप कायले काढला. टिकेश म्हणाला की कप मिळाला की कॉलेजवाले तो कुठंतरी अडगळीत टाकतील, त्यापेक्षा आपल्याकडं राहिलेला बरा. तेवढा तुझा डिनर सेट खाली घे. योगेश्वरीनं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि पुढची पोळी लाटायला घेतली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग टिकेशनं मोबाइल उघडला.

समोरच्या दुमजली घरात राहणाऱ्या ओमेश पटलेच्या स्टेटसवर गोलाचा व्हिडिओ होता, आणि खाली लिहिलं होतं, 'आपली टीम जिंकली.'

आपली. टिकेशनं तो शब्द दोनदा वाचला. ओमेशचं टाइल्सचं दुकान. फुटबॉलला तो आयुष्यभर हॉलीबॉल म्हणत आला. त्या दिवशी कॉलेजच्या नव्या संडासांचं माप घ्यायला गेला होता. माप झालं, ग्राउंडवर आरडाओरडा ऐकला, म्हणून हातात टेप घेऊनच शेवटची दहा मिनिटं येऊन उभा राहिला, आणि नेमका तेव्हाच रिंकूच्या गुडघ्याला चेंडू लागला. वीस वर्षं धुऱ्यावर मुंग्या चावून घेतल्या टिकेशनं, आणि 'आपली' कोणाची, तर ओमेशची. बरं, टेप दोघांच्याही हातात होता, पण ओमेशच्या टेपाला त्या दिवशी यश होतं. टिकेशला रात्रीचं जेवण गेलं नाही. माणसाला दुसऱ्याचा बंगला सहन होतो, गाडी सहन होते. पण आपण जपलेलं दुःख दुसऱ्यानं सुखात येऊन उचलून नेलं, हे कसं सहन व्हावं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर आणखी बिघडलं. तिथं भैयाजी बसतात. भैयाजी रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले, आणि उभ्या आयुष्यात हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय गाडी हलली नाही, त्यामुळं जगातली कोणतीही गोष्ट आपल्या मताशिवाय हलू नये असा त्यांचा समज झालेला. त्यांनी चहा बशीत ओतला आणि निकाल दिला.

"ओमेशचा पायगुण आहे बाप्पा. पोट्टा ग्राउंडवर गेला अन् गोल झाला."

टपरीवरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. टिकेश म्हणाला की मीही तिथंच होतो जी, पहिल्यापासून होतो.

"तेच तर म्हणून राहिलो," भैयाजी म्हणाले. "तू तं दरसाल राहतेस."

एवढंच बोलून त्यांनी बशी तोंडाला लावली. ओमेश दहा मिनिटं गेला तर जिंकले. टिकेश वीस वर्षं जातो तर हारतात. या हिशेबातून काय उरतं ते टपरीवरच्या चहा देणाऱ्यालाही कळलं, कारण त्यानं टिकेशकडं जरा दयेनं पाहून चहात साखर जास्त टाकली. टिकेश पनवती होता. माळवा कॉलेजच्या अख्ख्या इतिहासाचं ओझं एका बारदान्यावर बसलं होतं.

दोन दिवसांनी केवळराम सर स्वतः भेटले. भला माणूस. इकडचं तिकडचं बोलले, धान कसा निसवला ते विचारलं, आणि मग चपलेकडं पाहत म्हणाले की पोट्ट्यांच्या मनात काहीबाही आलं आहे, तर पुढच्या म्याचले तुमी नाही आले तर चालंल का जी? गोलकीपर दुधराम तर म्हणतो, टिकेशभाऊ धुऱ्यावर दिसले की मले आपोआप गोल दिसते. टिकेश हसला. हसावंच लागतं. मग सरांनी जाता जाता सांगितलं की ओमेशभाऊसाठी मात्र पोट्ट्यांनी एक खुर्ची सांगितली आहे. खुर्ची ऐकल्यावर टिकेशचं हसू मावळलं.

त्या रात्री त्याला उपाय सुचला. ग्राउंडवर यायचं नाही, ठीक. पण म्याचच्या सकाळी अख्ख्या टीमला घरी जेवायला बोलवायचं. मग मैदानात टिकेश नसेल, पण खेळणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात असेल. जिंकले की लोक विचारतील, पोट्ट्यांनी खाल्लं कोणाच्या घरी? आणि पायगुणाचं तोंड बंद होईल. योगेश्वरीला त्यानं कारण सांगितलं नाही. पोट्टे बाहेरगावचे आहेत, होस्टेलात पातळ वरण पितात, एवढंच सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं.

आता टीमला जेवू घालायचं तर कॉलेजची परवानगी हवी. टिकेश स्वतः बाबू असल्यामुळं त्याला वाटलं, पाच मिनिटांचं काम. पहिल्या खिडकीनं सांगितलं अर्ज द्या. अर्ज दिला तर दुसऱ्या खिडकीनं सांगितलं, पोट्ट्यांना काही झालं तर जबाबदारी माझी असं लिहून द्या. लिहून दिलं, तर शिक्का ज्या कपाटात होता त्याची किल्ली ज्याच्याकडं होती तो लवकर पिकणारा हलका धान कापायला सालेकशाला गेला होता. टिकेशनं आवाज चढवला. खिडकीतल्या पोरीनं शांतपणे सांगितलं की काका, तुमच्या झेडपीत माझ्या बाबांना तुमीच चार वेळा परत पाठवलं होतं, म्हणून सांगून राहिले, बसा. टिकेश बसला. तिसऱ्या दिवशी कागद मिळाला. त्यावर शिक्क्यासकट लिहिलं होतं की सदर विद्यार्थ्यांना 'अल्पोपाहार' देण्यास हरकत नाही.

अल्पोपाहार हा शब्द प्राचार्यांनी कोणत्या अर्थानं वापरला असेल तो असो. ज्यांचे पूर्वज माळव्यातून आले आणि ज्यांनी कॉलेजलाही तेच नाव दिलं, त्यांच्या घरात पाहुणा जेवायला बसला की अल्प काय नि उपाहार काय. सकाळी सकाळी योगेश्वरीनं सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, तळल्या, उडदाचे बडे केले, आलूची रसदार भाजी आणि चिनोर तांदळाची खीर. पोट्टे ओळीनं बसले. त्यांनी इतकं तूप होस्टेलात फोटोतही पाहिलं नव्हतं. केवळराम सर म्हणत राहिले की जी, हलकं द्या, दुपारी म्याच आहे. टिकेश म्हणत राहिला की हलकंच आहे. दुधरामच्या पानात त्यानं स्वतः वाकून दोन बडे जास्त वाढले, कारण पनवतीची भाषा त्यानंच काढली होती. आग्रहात सूडही वाढता येतो, हे टिकेशला तेव्हा कळलं. दुधराम भोळा, वाढलं ते खात गेला.

जेवून, हात धुऊन, सुपारी खाऊन पोट्टे बाहेर निघाले आणि टिकेशच्या फाटकापाशी थबकले. समोर ओमेशच्या अंगणात पंगत मांडलेली होती. पाट, रांगोळी, पाण्याचे गडवे. ओमेशची बायको चंचल पदर खोचून उभी होती आणि ओमेश नव्या कुडत्यात फाटक उघडून हात जोडत होता.

"या पोट्टेहो. भाऊकीत पाहुणा एका घरी जेवून जाते का?"

आता हे असं आहे. खेड्यात कोणाच्या घरी पाहुणा आला, की तो भाऊकीतल्या प्रत्येक घरी दोन घास खाऊन जातो. नाही खाल्लं तर त्या घराचा अपमान. आडनावं वेगळी असली तरी ओमेश आणि टिकेश दोघांचीही मुळं एकाच गावातली, पाहुणचाराची ही रीत दोघांनाही लहानपणापासून अंगवळणी पडलेली. परवानगी? ओमेशला ती लागलीच नाही. तीन दिवस खिडक्या झिजवून आणलेला शिक्का टिकेशच्या खिशात होता आणि ओमेश नुसता हात जोडून टीम घेऊन चालला होता. टिकेशच्या मनात आलं, ओरडून सांगावं, पोट भरलं आहे त्यांचं. पण ते म्हटलं तर लोक म्हणणार, टिकेश जळतो. आणि जळत तर होताच.

ओमेशकडं गुलाबजाम होते. पुलाव होता. सुवाऱ्या तिथंही होत्या, आणि टिकेशच्या घरच्यापेक्षा मोठ्या होत्या. टिकेशनं फाटकातूनच ते हेरलं. रिंकूनं हळूच सांगून पाहिलं की काकू, आता जागा नाही. चंचल म्हणाली, तिकडं खाल्लं नि आमचं नाही चालत का रे? अन्नाला नाही म्हणू नये. दुधराम परत खाली बसला, तेव्हा त्याला पाटाचा आधार घ्यावा लागला.

दुपारी टीम गेली. गल्लीतली मंडळी गाड्या काढून मागोमाग गेली, भैयाजीसुद्धा कोणाच्या तरी मागं बसून गेले. टिकेशला घरात बसवेना. शेवटी त्यानं बारदाना काखेत मारला, लांबून फिरून नहराच्या पाळीवर, कालव्याच्या उंच काठावर, गेला आणि एका पळसाच्या आडोशाला उभा राहिला. तिथून ग्राउंड दिसत होतं आणि ग्राउंडवरून तो दिसत नव्हता. खुर्ची दिसली. खुर्चीत ओमेश दिसला. गळ्यात कोणीतरी झेंडूचा हारही घातला होता. टिकेशनं पळसाचं एक पान तोडलं आणि त्याचे बारीक तुकडे करत बसला.

पहिला गोल झाला, सौंदडकडच्यांचा. टिकेशला वाईट वाटलं. दुसरा झाला. तिसरा झाला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपल्याला पुरेसं वाईट वाटत नाही. छातीत काहीतरी गोड उकळत होतं. मी इथं नाही, तरी हारून राहिले. पायगुण तिथं खुर्चीत बसला आहे, हार घालून, तरी हारून राहिले. वीस वर्षांत एवढा आनंद त्याला या टीमनं दिला नव्हता. लाज वाटत होती, पण आनंद होता तो होताच.

मग त्यानं नीट पाहिलं. पोट्टे पळतच नव्हते. रिंकू चेंडूमागं जात होता, तो वरातीत चालतात तसा. एक जण बाजूला वाकून उभा होता. आणि दुधराम, दोन्ही हातांनी पोट धरून, गोलाच्या खांबाला टेकून डोळे मिटून उभा होता. चेंडू त्याच्या शेजारून गेला तेव्हा त्यानं डोळे उघडून नुसतं त्याच्याकडं पाहिलं. चार.

टिकेशच्या हातातले पानाचे तुकडे गळून पडले. ते जास्तीचे दोन बडे त्याला आठवले. दुधरामनं दुसरा बडा खाताना मान वर करून विचारलं होतं, भाऊ, आता पनवती निघाली ना? आणि आपण म्हणालो होतो, अजून एक खा, मंग निघते.

म्याच संपली तेव्हा सहा गोल झाले होते. लोक आधीच निघून गेले होते. भैयाजी तर चौथ्या गोलालाच उठले आणि जाताना म्हणाले म्हणे की पायगुण एकदाच चालते. हंगाम संपला. या स्पर्धेत हारला तो घरी जातो, आणि पोट्टे खरंच घरी निघाले होते, हळूहळू, एकमेकांना धरून. टिकेश पाळीवरून उतरून खाली आला. आता त्याला कोणी नको म्हणायला उरलं नव्हतं. ग्राउंडवर फक्त ती खुर्ची होती, रिकामी. ओमेश मात्र गेला नव्हता. तो धुऱ्यावर, टिकेशच्या जागेवर, ओल्या गवतावर नवा कुडता घालून बसला होता, गुडघ्यांत डोकं घालून. हार बाजूला पडला होता.

टिकेश जवळ गेला तसं त्यानं डोकं वर काढलं. ओमेश रडत होता. माणूस खरंच रडत होता, टाइल्सवाला, हॉलीबॉलवाला. टिकेशला एवढ्या वर्षांत एकदाही डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, आणि याला एकाच आठवड्यात आलं. हेही त्याला खुपलंच.

"टिकेशभाऊ," ओमेश खालच्या आवाजात म्हणाला, "तुमच्या इथं किती सुवाऱ्या खाल्ल्या जी पोट्ट्याइनं?"

"तुमच्या इथं?"

तेवढ्यात केवळराम सर चेंडूची जाळी खांद्यावर टाकून आले. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. ते दोघांच्या मधोमध उभे राहिले आणि कधी याच्याकडं, कधी त्याच्याकडं पाहत म्हणाले, "काऊन असं झालं जी?"

टिकेशच्या खिशात अल्पोपाहाराचा कागद होता, जबाबदारी लिहून दिल्यावर मिळालेला. तो खरं सांगणारच होता; निदान नंतर त्यानं योगेश्वरीला तसं सांगितलं. पण तोंड उघडलं तेव्हा वीस वर्षांची सवय बाहेर आली.

"ग्राउंड ओलं होतं, सर."

"अन् रेफरी तिकडचा होता," ओमेश लगेच म्हणाला.

टिकेश चमकला. इतकं अचूक, इतकं वेळेवर. या माणसाला हे कोणी शिकवलं नव्हतं. सरांनी मान हलवली, ओल्या ग्राउंडकडं पाहिलं, जे तिथं कोरडं ठणठणीत होतं, आणि जाळी सावरत निघून गेले. मग ओमेशनं बाहीनं नाक पुसलं, धानाच्या बांधीकडं पाहत एक लांब सुस्कारा सोडला आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी पाहू."

ते वाक्य टिकेशचं होतं. कमवायला वीस हंगाम लागले होते, आणि ओमेशनं ते सहा गोलांत मिळवलं. पण ते तो नीट म्हणाला होता, यात शंका नव्हती. सुस्कारासुद्धा जागच्या जागी होता.

टिकेशनं काखेतला बारदाना झटकला आणि धुऱ्यावर अंथरला. ऐन मधोमध बसला. ओमेशच्या कुडत्याचा ओला झालेला मागचा भाग त्याला दिसत होता. थोडा वेळ त्यानं तिकडं लक्ष दिलं नाही. मग तो सरकला. थोडासाच, ओमेशला अर्धं बूड टेकता येईल इतकाच.